सेविकेच्या अभ्यासाचे तास कुठून आणायचे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. त्या धोरणाच्या पहिल्याच प्रकरणात अंगणवाडी सेविकांविषयी एक स्पष्ट तरतूद आहे. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांना बालसंगोपन व बालशिक्षणाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम द्यावा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका द्यावी, असे त्यात म्हटले आहे. हे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने, डीटीएच वाहिन्यांवरून किंवा स्मार्टफोनवरून चालवता येतील, महिन्यातून किमान एकदा समोरासमोर वर्ग भरेल, शालेय शिक्षण विभागाची समूह साधन केंद्रे मार्गदर्शन करतील आणि सेविकांच्या चालू कामात कमीत कमी व्यत्यय येईल, असेही तिथे नमूद आहे. तरतूद चांगली आहे, आणि ती लिहिणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र कामात कमीत कमी व्यत्यय येईल या वाक्याचा गावपातळीवर जो अर्थ होतो तो असा, की सेविकेने अभ्यास कामाच्या वेळेत करायचा नाही. तो घरचे सगळे आवरल्यावर, रात्री, स्वतःच्या झोपेतून वेळ काढून करायचा.

मी अनेक वर्षे एका अध्यापक विद्यालयात शिकवत होते. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातल्या काही सेविकांच्या अभ्यासगटाला मदत करते. गटातल्या काही जणी बालशिक्षणाचे प्रमाणपत्र घेत आहेत, काहींनी मुक्त विद्यापीठाच्या पदविकेसाठी नाव नोंदवले आहे, आणि काही जणी त्याआधीची पायरी म्हणून बारावीची तयारी करत आहेत. त्या मला मॅडम म्हणतात, मी त्यांना ताई म्हणते. शिक्षक घडवण्याच्या कामात माझे आयुष्य गेले असले, तरी नोकरी करता करता शिकणाऱ्या स्त्रीला नेमकी कसली मदत लागते हे मला या गटामुळे नीट कळू लागले. अध्यापक विद्यालयात येणारी मुले पूर्णवेळ विद्यार्थी होती. त्यांच्याकडे वेळ आहे हे आम्ही कधी विचारातसुद्धा घेतले नव्हते, कारण तो होताच.

सेविकेकडे तो किती असतो ते पाहावे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. योजनेच्या सहा सेवांपैकी अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. उरलेल्या पाच म्हणजे पूरक पोषण आहार, आरोग्य व पोषण शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा, म्हणजे गरज पडल्यास पुढच्या उपचारासाठी दवाखान्यात पाठवणे. म्हणजे मुलांना शिकवणे हा तिच्या कामाचा एक भाग आहे, आणि दिवस भरगच्च असला की सर्वांत आधी कात्री लागते ती त्यालाच. आहार दिला नाही तर विचारणा होते, वजन-उंचीची नोंद राहिली तर विचारणा होते. आज मुलांना गोष्ट सांगितली नाही म्हणून कोणी विचारत नाही. मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे नोंदी भरण्याचे मोबाइल ॲप आले. कागदी नोंदवह्यांचा भार हलका होईल अशी अपेक्षा होती, पण काम मोबाइलवर आले आणि मोबाइल नीट चालेनात. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी मिळालेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, हे अनेकांना आठवत असेल. याशिवाय गृहभेटी, गरोदर व स्तनदा मातांच्या नोंदी, लसीकरणाच्या दिवशी नर्सताई आणि आशाताईंसोबतचे काम, आणि निवडणूक जवळ आली की कित्येकींच्या वाट्याला येणारे मतदार यादीचे काम हे सगळे आहेच.

आता या दिवसात पदविका बसवून पाहू. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षण या विषयाची पदविका बारावी उत्तीर्णांसाठी आहे आणि ती ३२ श्रेयांकांची आहे. एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचा ३० तासांचा अभ्यास, असे या विद्यापीठाचे गणित आहे. वाचन, स्वाध्याय, प्रकल्प सगळे धरून हे ९६० तास होतात. किमान मुदतीत, म्हणजे एका वर्षात, पदविका पूर्ण करायची तर आठवड्याला अठरा तासांहून अधिक वेळ लागतो. अर्थात मुदत वाढवून मिळते आणि बहुतेक जणी ती घेतात. तरीही प्रश्न राहतोच, की आठवड्याचे नऊ तास तरी आणायचे कुठून? ज्या घरात पहाटे पाणी भरण्यापासून दिवस सुरू होतो, अंगणवाडी सुटल्यावर वैरणीला जावे लागते आणि पुरुष मंडळी मुंबईला नोकरीला असल्याने शेतीही तिच्याच अंगावर असते, त्या घरातली स्त्री अभ्यासाला बसते ती रात्री साडेनवानंतर. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी तास मोजताना ते कोणाच्या दिवसातले आहेत हेही मोजले पाहिजे, एवढेच मला सांगायचे आहे.

म्हणून आमच्या गटाची पहिली काही महिन्यांची मेहनत अभ्यासापेक्षा वेळ उभा करण्यातच गेली, असे म्हटले तरी चालेल. आमच्या भागात जून-जुलैत भातलावणी असते आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी. या दिवसांत कोणतीही सेविका पुस्तक उघडणार नाही, आणि तिने उघडावे अशी अपेक्षा धरणेही योग्य नाही. त्यामुळे वाचनाचा जड भाग आम्ही डिसेंबर ते मे या काळात ठेवला, आणि पावसाळ्यात फक्त मुलांच्या निरीक्षणाच्या नोंदी लिहायच्या असे ठरवले. कारण त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही, मुले समोरच असतात. बीटची, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटाची, मासिक बैठक असते त्या दिवशी सगळ्या जणी एकत्र येतातच. बैठक संपल्यावरचे दोन तास अभ्यासाला द्यायला पर्यवेक्षिका ताईंनी मनापासून मान्यता दिली आणि त्या स्वतःही थांबू लागल्या. एका पर्यवेक्षिकेकडे साधारण पंचवीस अंगणवाड्या असतात. तिच्या पाठिंब्याशिवाय असा कोणताही गट टिकणार नाही, आणि तिचाही दिवस तितकाच भरलेला असतो, हे विसरता कामा नये.

प्रवासाचे म्हणाल, तर मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाल्याचा या गटाला जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कोणत्याही योजनेचा झाला नसेल. वरच्या वाडीतून येणाऱ्या ताईला मात्र सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशीच गाडी असते. दोन तासांच्या वर्गासाठी तिचा सबंध दिवस जातो. तिच्यासाठी वर्गाचा मजकूर छापून द्यावा लागतो. मोबाइलवर पीडीएफ वाचणे हे ऐकायला सोपे वाटते, पण चार इंचांच्या काचेवर बालविकासाचे टप्पे वाचून कोणी अभ्यास करून दाखवावा. शिवाय संध्याकाळी तो मोबाइल घरातल्या दहावीच्या मुलाच्या हातात असतो. आमचा अनुभव असा, की छापील पाने, मोठी अक्षरे आणि समासात लिहायला मोकळी जागा एवढ्याने अभ्यासाचे प्रमाण लगेच वाढते.

आता ज्या गोष्टीने मला या कामात खरोखर गुंतवून ठेवले आहे तिच्याकडे वळते, आणि ती म्हणजे निरीक्षणाच्या नोंदी. बालशिक्षणाच्या कोणत्याही चांगल्या अभ्यासक्रमात मुलाचे निरीक्षण करून ते लिहिणे हा गाभ्याचा भाग असतो. सेविकांना नोंदी ठेवण्याची सवय दांडगी आहे, पण ती रकाने भरण्याची आहे. हो की नाही, वजन किती, उंची किती, आहार घेतला का. त्यामुळे सुरुवातीला आलेल्या नोंदी अशा होत्या: मूल हुशार आहे; मूल लाजरे आहे; मुलाला अंक येतात. मी त्यांना एवढेच सांगत असे, की मुलाविषयीचे आपले मत बाजूला ठेवा आणि त्याने काय केले, काय म्हटले, ते जसेच्या तसे लिहा. काही आठवड्यांनी एका ताईंनी लिहून आणले, की चार वर्षांचा एक मुलगा चिंचोके मोजताना सातानंतर थेट नऊ म्हणतो, पण तेच चिंचोके मुलांना वाटायला दिले तर प्रत्येकाच्या हातावर बरोबर एकेक ठेवतो, आणि एक कमी पडला तेव्हा तो आपण होऊन मदतनीस मावशींकडे मागायला गेला.

या नोंदीवर आमची बराच वेळ चर्चा झाली. अंकांचा क्रम पाठ असणे वेगळे आणि एकास एक संगती लावता येणे वेगळे, हे पुस्तकात एका परिच्छेदात लिहिलेले असते. पण तो परिच्छेद परीक्षेसाठी पाठ करणे आणि आपल्याच अंगणवाडीतल्या मुलात ते ओळखणे यात फार अंतर आहे. आधी हा मुलगा त्या ताईंच्या मते अंकांत कच्चा होता. आता त्याला कुठे मदत हवी आणि कुठे नको हे त्यांना दिसू लागले. त्यांनी त्याला मोजायला लावणे कमी केले आणि वाटायची कामे जास्त दिली; ताटल्या मांडणे, पाट मांडणे, चपला जोडीने लावणे. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. वीस-बावीस वर्षे मुलांत काढलेल्या बाईकडे असे पुष्कळ शहाणपण असते. अभ्यासक्रमाने त्या शहाणपणाला विचारांची चौकट द्यायची असते. ज्या अभ्यासक्रमात तिला कोरी पाटी समजून सुरुवातीपासून शिकवले जाते तिथे ती कंटाळते, आणि मला वाटते तिचे कंटाळणे रास्त आहे.

दुसऱ्या एका ताईंच्या नोंदींतून धनगरवाड्यावरच्या एका मुलीचे बोलणे पुढे आले. ही मुलगी अंगणवाडीत बोलत नाही असे सर्व जण धरून चालले होते. नोंद ठेवायला लागल्यावर दिसले, की ती करडू, कोकरू, पाऊस, वाट यांविषयी मदतनीस मावशींशी भरभरून बोलते, कारण मावशी त्याच वाडीच्या आहेत आणि तिच्यासारखेच बोलतात. ताईंनी पुस्तकी भाषेत प्रश्न विचारला की मात्र गप्प बसते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा पायाभूत स्तरावरचा भाग ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लहान वयात घरच्या भाषेवर भर दिला आहे. ताईंनी तो मजकूर वाचला तेव्हा त्यांना तो कोणाच्या तरी आदेशासारखा वाटला नाही, कारण ती मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

म्हणूनच माझे ठाम मत झाले आहे, की सेविकेचे मूल्यमापन अंगणवाडीतच व्हायला हवे. लेखी परीक्षेला माझा विरोध नाही. पण दहावी होऊन पंचवीस वर्षे झालेल्या स्त्रीला तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेची जी धास्ती असते, तिच्यामुळे तिला येत असलेलेही कागदावर उतरत नाही. गटात अशा जणी आहेत ज्या मुलांना अर्धा तास गोष्टीत खिळवून ठेवतात आणि गोष्ट सांगण्याचे महत्त्व लिहा या प्रश्नाला चार ओळींत थांबतात. कोणी तरी जाणते माणूस सकाळी अंगणवाडीत येऊन बसले, तिने मुलांबरोबर काय केले ते पाहिले आणि नंतर तिच्याशी त्यावर बोलले, तर अर्ध्या दिवसात तिची पात्रता कळेल.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत बालसंगोपन केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांसाठी चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट नावाचे प्रमाणपत्र १९७५ पासून, म्हणजे योगायोगाने आपली अंगणवाडी योजना सुरू झाली त्याच वर्षापासून, दिले जाते. त्यासाठी १२० तासांचे प्रशिक्षण लागते, मुलांबरोबर प्रत्यक्ष कामाचे ४८० तास दाखवावे लागतात, कामाच्या नमुन्यांची संचिका तयार करावी लागते, परीक्षाही असते, आणि याखेरीज एक अनुभवी तज्ज्ञ कामाच्या ठिकाणी येऊन उमेदवाराचे मुलांबरोबरचे काम पाहतो. तिथे रोजची नोकरी हा अभ्यासातला अडथळा न ठरता अभ्यासाचाच हिस्सा मानली गेली आहे. त्याच देशातल्या उत्तर कॅरोलिना राज्यात १९९० मध्ये टीच नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि पुढे ती इतर राज्यांत पसरली. तिची रचना मला विशेष विचारपूर्वक केलेली वाटते. शुल्क आणि पुस्तकांचा बराचसा खर्च शिष्यवृत्तीतून होतो, थोडा भार केंद्र उचलते आणि थोडा स्वतः कर्मचारी. अभ्यासासाठी तिला कामाच्या वेळेतून पगारी सवलत मिळते. ठरलेला टप्पा पूर्ण झाल्यावर पगारवाढ किंवा बक्षीस रक्कम मिळते. आणि त्या बदल्यात तिने ठरावीक काळ त्या केंद्रात काम करण्याची हमी द्यायची असते. तिथल्या बालसंगोपन व्यवस्थेत दोष पुष्कळ आहेत, तिथेही हे काम करणाऱ्या बायकांना पगार तुटपुंजाच मिळतो. पण अभ्यासाचा वेळ हा खर्चाचा एक भाग आहे आणि तो कोणी तरी भरला पाहिजे, हे तिथे हिशेबात धरले आहे.

आपल्याकडे हा विचार नवा आहे असेही नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला तेव्हापासून बालशिक्षणाइतकेच महत्त्व बालशिक्षक तयार करण्याला दिले गेले. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शाळेपर्यंत न येणाऱ्या मुलांच्या वस्तीत, अंगणात जाऊन शाळा भरवण्याचा प्रयोग याच परिसरात झाला. तिथे ताराबाईंच्या सोबत आयुष्य काढलेल्या अनुताई वाघ यांची गोष्ट मी गटात आवर्जून सांगते. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई प्राथमिक शिक्षिका झाल्या. नोकरी सांभाळून रात्रशाळेत शिकत त्या १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या, आणि पदवीधर झाल्या त्या १९६१ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर. तोवर त्यांनी बालशिक्षणात जे काम उभे केले होते त्यासाठी त्यांना कोणत्या पदवीची गरज उरली नव्हती. तरीही त्या शिकल्या. गटातल्या चाळिशी-पंचेचाळिशीच्या ताया आपल्या वयाचा विषय काढतात तेव्हा मी फक्त १९१० हे अनुताईंचे जन्मवर्ष फळ्यावर लिहिते आणि वजाबाकी त्यांनाच करायला सांगते.

गटात वयाचा प्रश्न आणखी एका कारणाने येतो. फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सेविकेच्या नव्या भरतीसाठी किमान पात्रता दहावीवरून बारावी केली. त्यानंतर आलेल्या मुली बहुतेक पदवीधर आहेत, काहींनी डी.एड. केलेले आहे. जुन्या सेविका दहावी. धोरणाच्या रचनेप्रमाणे कमी शिकलेलीला वर्षाचा अभ्यासक्रम आणि जास्त शिकलेलीला सहा महिन्यांचा, म्हणजे जिच्या गाठीला पंचवीस वर्षांचा अनुभव आहे तिलाच दुप्पट काळ बसायचे. शालेय शिक्षण किती झाले एवढाच निकष धरला की असे होणारच. पहिल्या काही वर्गांत ही दरी चांगलीच जाणवत होती. तरुण मुली भराभर उत्तरे लिहीत आणि मोठ्या ताया मागे बसत. मग आम्ही जोड्या लावल्या. धाकटीने स्वाध्याय लिहायला, मोबाइलवर अर्ज भरायला, फोटो अपलोड करायला मदत करायची, आणि थोरलीने धाकटीच्या अंगणवाडीत एक सकाळ जाऊन बसायचे. पाच मुले एकाच वेळी रडत असताना काय करायचे हे डी.एड.च्या कोणत्याही पुस्तकात नाही. ते मला माहीत आहे, कारण ती पुस्तके मी शिकवली आहेत.

घरच्या लोकांविषयी दोन शब्द. सासूबाई किंवा नवरा अभ्यासाला विरोध करतात अशी उदाहरणे आहेत, पण ती मला वाटली होती त्यापेक्षा कमी निघाली. अडचण येते ती प्रत्यक्ष विरोधाची नसते. तिच्या वाटचे काम दुसरे कोणी उचलत नाही, ही असते. परीक्षेच्या आठवड्यात स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न आम्ही वर्गात उघडपणे विचारतो आणि प्रत्येकीने घरी विचारून पुढच्या वेळी उत्तर आणायचे असते. काहींची मुले मोठी आहेत आणि ती आईची प्रश्नपत्रिका सोडवून घेतात; अशा घरांत अभ्यास झपाट्याने होतो.

पालकांच्या बाजूने मात्र एक दडपण सतत असते. तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या खाजगी बालवाड्या निघाल्या आहेत, तिथे तीन वर्षांच्या मुलांना एबीसीडी गिरवायला लावतात, आणि मग वाडीतले पालक विचारतात, की तुमच्याकडे नुसती गाणी आणि खेळच का? पूर्वी सेविका यावर गप्प बसत किंवा पालकांच्या समाधानासाठी मुलांच्या हातात पाटी देत. अभ्यासक्रम करणाऱ्या ताया आता उत्तर देतात. हाताची बोटे आणि मनगट पेन्सिल धरण्याइतके तयार होण्याआधी मण्यांची माळ करणे, माती मळणे, कागद फाडणे यांतून काय साधते, बडबडगीतांतून मुलाला शब्दांतले आवाज कसे वेगळे ऐकू येऊ लागतात, हे त्या पालकसभेत स्वतः समजावून सांगतात. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने पोषण भी पढाई भी हा कार्यक्रम सुरू केला, अंगणवाडीत रोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षण व्हावे असे त्यात म्हटले आहे, आणि त्यासाठी सेविकांना तीन दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. ते प्रशिक्षण उपयोगी आहे, त्यातले खेळ आणि साहित्य चांगले आहे. पण पालकांसमोर उभे राहून बोलण्याचा आत्मविश्वास तीन दिवसांत येत नाही. तो वर्षभर वाचून, लिहून, वाद घालून येतो.

आता मानधन. हा विषय टाळून सेविकांच्या शिक्षणावर बोलणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. केंद्र सरकारने सेविकेचे मानधन शेवटचे वाढवले ते २०१८ मध्ये, ३,००० वरून ४,५०० रुपये. त्यात राज्य आपली भर घालते. महाराष्ट्रात २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकेचे एकूण मानधन १०,००० आणि मदतनीसाचे ५,५०० रुपये झाले. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून राज्यातल्या सेविका आणि मदतनीस दीर्घ संपावर गेल्या, जानेवारीच्या अखेरीपर्यंत तो चालला, आणि पुढे २०२४ मध्ये मानधनात आणखी वाढ झाली. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधल्या सेविकांच्या प्रकरणात १९७२ चा उपदान कायदा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा, सेविका व मदतनीसांना लागू होतो असा निकाल दिला, आणि त्या पार पाडत असलेल्या कामाचे स्वरूप किती व्यापक आहे याची दखल घेतली.

शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत स्तर मानला आहे: अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी. याचा अर्थ एकाच स्तरावर शिकवणाऱ्या दोन स्त्रियांपैकी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवणारीला वेतनश्रेणी, रजा, निवृत्तीनंतरचे लाभ आणि सेवांतर्गत प्रशिक्षणाचे दिवस कामाचे दिवस म्हणून मिळतात, आणि शेजारच्याच खोलीत त्याच स्तराचा पाया घालणारीला मानधन मिळते. तिने पदविका पूर्ण केली, तर त्या मानधनात काय फरक पडणार? गटातल्या ताया हा प्रश्न मला दर वेळी विचारतात, आणि त्याचे लेखी उत्तर दाखवता येईल असा कागद माझ्याकडे नाही. पात्रता वाढवा म्हणायचे आणि पात्रता वाढल्यावर पदनाम, मानधन आणि पुढची वाट यांपैकी काहीच बदलायचे नाही, हा व्यवहार फार दिवस चालणार नाही. शिकण्याचा आनंद असतो, तो मी वर्गात रोज पाहते. पण शासनाने आपल्या कर्मचाऱ्याच्या आनंदावर विसंबून योजना आखू नये.

मदतनीस या सगळ्या चर्चेत कुठेच नसतात, याची मला सर्वांत अधिक टोचणी आहे. सेविका वर्गाला येते त्या दिवशी अंगणवाडी मदतनीस मावशीच सांभाळतात. सेविका कागदपत्रांत असते तेव्हा मुले त्यांच्याच पदराशी असतात. धनगरवाड्यावरच्या त्या मुलीचे बोलणे त्यांनीच आधी ऐकले होते. तरीही धोरणातली प्रमाणपत्र आणि पदविकेची ती तरतूद सेविकांपुरतीच आहे, आणि मदतनीसाला पुढे सेविका व्हायचे असेल तर शालेय शिक्षणाचीच अट आधी आडवी येते. आमच्या गटात आता काही मदतनीसही येऊ लागल्या आहेत. निरीक्षणाच्या नोंदी त्या तोंडी सांगतात आणि त्यांच्या सेविका त्या उतरवून घेतात. नोंदीखाली नाव मात्र मावशींचे असते. त्यांपैकी दोघींनी यंदा बाहेरून परीक्षेला बसायचे ठरवले आहे. त्यासाठी बोर्डाचा १७ नंबरचा अर्ज भरावा लागतो, शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढावा लागतो, आणि त्यांतल्या एकीची शाळा केव्हाच बंद पडून त्या शाळेची जुनी कागदपत्रे शेजारच्या गावच्या शाळेत गेलेली आहेत. पुढच्या बीट बैठकीनंतरच्या दोन तासांत आम्ही वाचन बाजूला ठेवून हेच काम करणार आहोत, आणि तोवर ज्यांच्याकडे एसटीची सकाळची गाडी सोयीची आहे त्या ताईंनी त्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना अर्ज द्यायचा असे ठरले आहे.